गल्लीतला काँक्रीट रस्ता: घरपट्टीच्या पैशाचं मोल कुठे ठरतं?

नगरपालिकेच्या सेवा पैशाला महाग पडतात की स्वस्त, हे पाहायचं तर गल्लीतला काँक्रीट रस्ता घ्यावा. घंटागाडी एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी येते. काँक्रीटचा रस्ता मात्र वीस वर्षं टिकेल असं धरून आखलेला असतो, आणि पहिल्या पंधरा-वीस दिवसांत झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही. भुसावळ, अमळनेर, शहादा, कुठेही जा. मार्चअखेर निधी संपवायचा आणि एप्रिल-मे महिन्यांत काम उरकायचं, असाच या कामाचा हंगाम.

कायद्याचं थोडक्यात. रस्ते बांधणं आणि राखणं हे 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार नगरपालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. जळगाव-धुळ्यासारख्या महापालिकांना 1949 चा अधिनियम लागू. इंग्लंडमध्ये 1999 च्या कायद्याने काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तिन्हींचा एकत्र विचार करून कामात सतत सुधारणा करण्याचं बंधन स्थानिक संस्थांवर घातलं. आपल्याकडे ही जबाबदारी विखुरलेली आहे. कर्तव्य एका कायद्यात, हिशेबतपासणी 1930 च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमात, आणि नागरिकाचा हात पोहोचतो तो माहिती अधिकारात. दाखल्यांना उशीर झाला तर लोकसेवा हक्क कायद्यात अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. रस्त्याची जाडी कमी भरली तर अशी सरळ सोय नाही. लेखापरीक्षक कागद तपासतो, टेप लावून जाडी मोजत नाही. म्हणून पैशाचं मोल निविदेत नाही, मोजमाप पुस्तिकेत ठरतं, म्हणजे झालेल्या कामाची मापं ज्यात नोंदतात त्या वहीत.

गणित साधं आहे. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटीमीटर जाड रस्त्याला 45 घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी 12 सेंटीमीटर ठेवली तर लागतं 36. वरून पाहिलं तर रस्ता तोच, पण नऊ घनमीटर गायब. घनमीटरला साडेसहा पोती सिमेंट धरलं तर 58 पोती, शिवाय खडी, वाळू, मजुरी. तयार काँक्रीटच्या गाड्या येत असतील तर त्या मोजाव्यात. 6 घनमीटरची गाडी असेल तर साडेसात फेऱ्या व्हायला हव्यात. सहा फेऱ्यांत रस्ता संपला तर जाडी कुठे गेली ते उघड आहे. निविदा अंदाजपत्रकाच्या बऱ्याच खाली गेली की लोकांना बचत झाल्यासारखं वाटतं. ती बचत बहुतेक वेळा याच तीन सेंटीमीटरांतून वसूल होते.

मोजमाप पुस्तिकेचं पान पाहताना लांबी, रुंदी, जाडी हे रकाने नीट वाचावेत. अख्ख्या गल्लीला जाडी एकच 0.15 मीटर लिहिलेली असेल तर शंका घ्यावी. जागोजाग टेप लावली की 0.148, 0.155 असे आकडे येतात.

पाया हा खानदेशातला सगळ्यांत नाजूक भाग. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या काँक्रीटलाही सोबत उचलते-बसवते. ती उकरून मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, असं अंदाजपत्रकात असतं. प्रत्यक्षात जुन्या डांबरावरच काँक्रीट ओतलं जातं. मग खोदाईचं देयक निघतं, रस्ता उंच होतो, पावसाचं पाणी ओट्यावर चढतं. काम सुरू होण्याआधी दोन उंबऱ्यांपासून रस्त्याची खोली मोजून फोटो काढून ठेवावेत. नंतर कोणी वाद घालू शकत नाही.

सर्वांत वाईट गुण द्यावे लागतील ते पाणी मारण्याला. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, उन्हाळी कोरड्या हवेत 10 आणि राखमिश्रित सिमेंटला 14 दिवसांपर्यंत ओल ठेवा, असं भारतीय मानक 456 सांगतं. आपल्याकडे बहुतेक सिमेंट राखमिश्रित, आणि मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. अशा उन्हात दुपारी ओतलेल्या काँक्रीटचं पाणी तासाभरात उडतं, वर पांढरी साय धरते, केसांएवढ्या भेगा पडतात आणि दोन पावसाळ्यांत वरची खडी उघडी होते. काँक्रीट पहाटे किंवा संध्याकाळी ओतावं, घट्ट झालं की चिखलाचे वाफे बांधून पाणी साठवावं, नाहीतर ओलं गोणपाट. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडा मारणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. नळाला पाणी नाही, ही सबबही चालत नाही. टँकरचा खर्च दरातच धरलेला असतो.

काँक्रीट आक्रसून वेडंवाकडं फुटू नये म्हणून मारलेले सांध्यांचे कट तीन-साडेतीन मीटरवर, जाडीच्या तिसऱ्या ते चौथ्या हिश्शाएवढे खोल हवेत, तेही काँक्रीट कट झेलण्याइतपत घट्ट होताच. आठवड्याने मारलेला कट शोभेचा. तोवर रस्त्याने स्वतःच्या भेगा पाडलेल्या असतात.

चाचणीचं: 45 घनमीटरला चार नमुने, प्रत्येकी तीन घन (ताकद तपासायला साच्यात ओतलेले काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे बारा. अहवालात कमी असतील तर कारण विचारावं.

माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांत बसवावा: अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, घनांचे अहवाल. शुल्क 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये, उत्तर 30 दिवसांत. न आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. याच कायद्यात कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचा हक्कही आहे, तो फार कमी लोक वापरतात. कोअर, म्हणजे तयार रस्त्यातून यंत्राने कापलेले गोल तुकडे, काढले तर निदान तीन काढायला लावावेत, आणि प्रत्येकाची उंची सर्वांसमोर मोजावी. ताकदीची सरासरी घनांसाठी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्क्यांवर आणि एकही कोअर 75 च्या खाली नको. हे सगळं अंतिम देयक निघण्याआधी करावं. उशीर झालाच, तर निदान दोषदायित्वाचा काळ, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, संपण्याआधी. अनामत परत गेली की ठेकेदाराला गल्लीत परत आणणं फार अवघड होतं.