डीटी ९९० प्रो हेडफोन आणि घरी केलेल्या सुधारणा : दोन वर्षांच्या वापरानंतर

बेळगावच्या शहापूरमधील आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांची शेड आहे. सकाळी आठ वाजता सुरू झालेली खटखट रात्री आठला थांबते, आणि लहानपणापासून ती कानात इतकी मुरली आहे की ती थांबल्यावरच इतका वेळ चालू होती हे लक्षात येते. अशा घरात ओपन-बॅक हेडफोन घेऊ नयेत, असे कोणताही समजूतदार माणूस सांगेल. कारण या प्रकारात ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या आतल्या लहान स्पीकरच्या) मागे बंद डबी नसून नुसती जाळी असते, त्यामुळे बाहेरचा आवाज सरळ आत येतो आणि आतले गाणे शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाते. तरीही मी बायरडायनॅमिक कंपनीचे डीटी ९९० प्रो घेतले, रात्री आठनंतरच ऐकायचे असे ठरवून घेतले, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्यावर घरच्या घरी बरेच काम केले. त्या कामाचा पुरता हिशेब येथे देत आहे.

माझ्याकडील जोड २५० ओहम विद्युतरोधाचा आहे. केबल सोडून त्याचे वजन २५० ग्रॅम भरते. कानांभोवती करड्या मखमलीचे इअरपॅड, डोक्यावर स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी, तिच्यावर बटणांनी बसवलेले आवरण आणि डाव्या बाजूने निघणारी, ताणली तर ३ मीटरपर्यंत जाणारी पिळाची केबल, अशी त्याची रचना आहे. हे हेडफोन जर्मनीत तयार होतात आणि त्यांचा सर्वांत मोठा गुण मला आवाजाच्याही आधी दिसतो तो असा की, ते न तोडता उघडता येतात. आवरणाची बटणे उघडली की आवरण निघते. इअरपॅडची कड बोटांनी ओढली की इअरपॅड निघतो. त्याखाली फोमची पातळ चकती केवळ ठेवलेली असते. कोठेही गोंद नाही, आणि सुटे भाग कंपनी स्वतः विकते. घरी सुधारणा करून पाहू इच्छिणाऱ्या माणसासाठी एवढी सोय पुरेशी आहे, कारण केलेला प्रत्येक बदल पाच मिनिटांत पूर्ववत करता येतो.

त्यांचा आवाज स्टुडिओतील कामासाठी घडवलेला आहे. ८ किलोहर्ट्झच्या आसपास ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, बराच उचललेला असल्यामुळे ध्वनिमुद्रणातील बारीकसारीक दोष, खरखर, चुकीची जोडणी हे सारे लगेच कानावर येते, आणि संपादन करणाऱ्याला तेच हवे असते. माझे ऐकणे मात्र वेगळे आहे. वडिलांनी धारवाड आणि सांगली आकाशवाणीवरून कॅसेटवर उतरवून घेतलेल्या मैफली मी संगणकावर आणल्या आहेत. त्या टेपमधील सळसळ नेमकी त्याच पट्ट्यात येते, आणि 'स', 'श', 'च' ही व्यंजने तासाभरानंतर टोचू लागतात. येथून जवळच असलेल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या गाण्यात तर हे विशेष जाणवते, कारण त्यांच्या छोट्या, तुटक, टोकदार आवाजफेकीतील व्यंजनांना स्वतःचे वजन असते. ती एका पट्टीने उगाच धारदार झाली की बंदिशीचा तोल बिघडतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. ज्यांचे सारे ऐकणे संगणकावर किंवा फोनवर होते त्यांनी कात्री हातात घेण्याआधी इक्वलायझर (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करण्याची सोय) वापरून पाहावा. ८ किलोहर्ट्झजवळ ४ ते ५ डेसिबल कमी केले की निम्मी तक्रार फुकटात मिटते. माझ्याकडे जुना सीडी प्लेअर आणि त्याला जोडलेला लहान ॲम्प्लिफायर आहे. तेथे ही सोय नाही, म्हणून मला दुसरा मार्ग धरावा लागला. ॲम्प्लिफायरचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की, २५० ओहमच्या जोडाला फोनमधून आवाज येतो, पण जुनी ध्वनिमुद्रणे मुळातच हळू असल्यामुळे तो अपुरा पडतो.

पहिले काम आरामाचे केले. प्रो आवृत्तीची पकड मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, म्हणजे स्टुडिओत वाकले, वळले तरी हेडफोन जागचे हलत नाहीत. मी चष्मा लावतो, आणि चष्म्याच्या दांड्या इअरपॅडखाली दाबल्या गेल्या की कानामागे अर्ध्या तासात कळ येऊ लागते. यावर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर हेडफोन ताणून ठेवण्याचा उपाय सर्वांना माहीत आहे. मी डोक्यापेक्षा बोटभर रुंद असा गठ्ठा घेतला, एका रात्री ठेवून सकाळी घालून पाहिले, आणि असे पाच रात्री केले. एकदम जास्त ताण देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. कारण पकड फार सैल झाली तर इअरपॅड आणि गाल यांच्यात फट राहते, त्या फटीतून खालच्या स्वरांचा दाब निसटतो आणि तबल्याचा डग्गा पोकळ वाटू लागतो. आराम आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला आधी वाटत असे. या पाच रात्रींत तो समज गेला. चष्म्याच्या दांड्यांमुळेही अशीच फट पडते, म्हणून पुढच्या खेपेस चष्मा करताना मी बारीक धातूच्या दांड्यांची फ्रेम घेतली, आणि त्याचा फायदा ऐकण्यात खरोखरच जाणवला.

डोक्यावरच्या आवरणाखाली उन्हाळ्यात घाम साचतो. आईची एक जुनी, विरलेली शहापुरी सुती साडी होती. तिच्या पदराजवळचा चांगला तुकडा काढून गल्लीतल्या शिंपीकाकांकडून आवरणावर चढणारी पिशवी शिवून घेतली. काकांनी बटणांच्या जागा मोकळ्या सोडल्या आणि आतून कापसाचा एक पातळ थर दिला. हे शिवताना दोन्ही टोकांना डब्यांपासून हेडबँडकडे जाणारी बारीक वायर दिसते, तिला सुई लागणार नाही याची काळजी घ्यावी; उजव्या कानाचा आवाज तिच्यातूनच जातो. पिशवी दर पंधरवड्याला धुतली जाते.

इअरपॅडच्या बाबतीत मी पैसे वाया घालवले. मूळ मखमल जुनी झाल्यावर ऑनलाइन एका विक्रेत्याकडून कृत्रिम चामड्याचे जाड पॅड मागवले. दिसायला ते उत्तम होते. घातल्यावर डग्गा फुगला, गवयाचा आवाज दोन पावले मागे सरकला, आणि एप्रिलच्या रात्री वीस मिनिटांत कानाभोवती घामाची कडी तयार झाली. याचे कारण समजण्यासारखे आहे. मखमल हवा झिरपू देते, चामडे देत नाही. त्यामुळे खालच्या स्वरांचा दाब कोंडून वाढतो. शिवाय १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, तर ८ किलोहर्ट्झची जेमतेम ४.३ सेंटिमीटर, म्हणून पॅड चार-पाच मिलिमीटरने जाड किंवा पातळ झाला तर खाली त्याचा पत्ता लागत नाही, पण वरच्या पट्टीत चित्र पालटते. मूळ मखमली पॅड दबून चपटे झाल्यावर तोच जोड अधिक कर्कश का वाटू लागतो, याचेही उत्तर यातच आहे. मी शेवटी कंपनीचेच मखमली पॅड घेतले, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात एकट्या त्या खर्चाने जितका फरक पडला तितका इतर कशानेही पडला नाही. ते हलक्या साबणाने हाताने धुता येतात. मात्र आपल्याकडच्या जून-जुलैच्या झडीत धुऊ नयेत. मी एकदा धुतले, चार दिवस पंख्याखाली ठेवले, तरी आतला फोम ओलाच होता आणि त्याला कुबट वास येत राहिला.

आता मुख्य कामाकडे येतो. फोमची चकती आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये कापडाचा एक पातळ थर ठेवायचा, एवढेच ते काम आहे. यामाहाच्या एनएस-१० या १९७८ साली आलेल्या स्पीकरच्या ट्वीटरवर (वरचे स्वर काढणाऱ्या भागावर) ध्वनिमुद्रक टिश्यू पेपर चिकटवत असत, त्याच जातीचा हा उपाय. खालच्या स्वरांत हवा कापडाच्या छिद्रांतून सावकाश ये-जा करते, म्हणून तिला अडथळा जाणवत नाही. सेकंदाला आठ हजार वेळा ये-जा करू लागली की घर्षणात तिचा जोर जिरतो. म्हणून थर योग्य असेल तर डग्गा तसाच राहतो आणि केवळ टोचणी कमी होते.

योग्य थर कोणता, हे शोधण्यात माझा एक महिना गेला. साधा टिश्यू पेपर काम करतो, पण दमट हवेत आठवड्यात गोळा होतो. फेल्टने (दाबून केलेल्या जाड कापडाने) टोचणी गेली, आणि तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारीही गेली. हीच माझी कसोटी होती. मी प्रत्येक वेळी एकच ध्वनिमुद्रण लावत असे, त्यातील गाणे सुरू होण्याआधीचा केवळ तंबोऱ्यांचा मिनिटभराचा भाग, कारण जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांची रांग असते आणि ट्रेबल जास्त मारला की सर्वांत आधी तीच मरते. मिरजेत तंबोरा घेताना कारागीर घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत असतो. तो केसभर पुढे गेला की नाद उघडतो, केसभर मागे आला की मिटतो. हेडफोनच्या आत कापडाचे थर बदलताना मला सतत तेच दृश्य आठवत होते, आणि तितक्याच संयमाने हे काम करावे लागते.

शेवटी रविवार पेठेतून आणलेली पांढरी मलमल चालली. कापड निवडण्याची एक सोपी रीत सांगतो. ते ओठांसमोर ताणून धरावे आणि हळू फुंकर घालावी. फुंकर पलीकडे हाताला सहज लागली पाहिजे, पण कापड नसताना लागते त्याहून थोडी मऊ लागली पाहिजे. मलमलीचा एक थर ठेवला तेव्हा 'स' बोथट न होता मागे सरला, टेपची सळसळ गाण्याच्या खाली गेली आणि जवारी जिवंत राहिली. दोन थर ठेवले तेव्हा पेटी चांगली लागली, पण तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार गेला, म्हणून दुसरा काढून टाकला.

या कामात माझ्याकडून एक चूक झाली, ती इतरांनी टाळावी. मी मलमलीची चकती कात्रीने गोल कापून तशीच ठेवली. तिसऱ्या रात्री खर्जातल्या आलापीच्या वेळी उजव्या कानात माशी गुणगुणावी तशी बारीक घरघर येऊ लागली, आणि ती वरच्या स्वरांत थांबत होती. ड्रायव्हर गेला असे समजून मी रात्रभर अस्वस्थ होतो. सकाळी उजेडात पॅड काढून पाहिले तर कापलेल्या कडेचा एक सुटा धागा आत जाऊन ड्रायव्हरच्या कंप पावणाऱ्या पडद्याला टेकला होता. मोठा स्वर आला की पडदा त्याच्यावर आपटत होता. बारीक चिमट्याने, पडद्याला स्पर्श न करता, तो काढला आणि आवाज पूर्ववत झाला. डोक्याचा केस आत शिरला तरी असेच होते. चिमटा लोखंडाचा असेल तर ड्रायव्हरचे चुंबक त्याला एकदम खेचते आणि पडदा फाटू शकतो, म्हणून प्लास्टिकचाच घ्यावा. आता मी कापडाच्या कडेला नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ती वाळवतो आणि मगच कापतो, त्यामुळे धागे सुटत नाहीत.

केबल काढून तेथे सॉकेट बसवण्याचे काम मी केले नाही. त्यासाठी डबी पूर्ण उघडावी लागते, बारीक डाग (सोल्डर) द्यावा लागतो, आणि आवाजात त्याने काही भर पडत नाही; केबल खरोखर तुटली तर पाहू.

ज्यांच्या घरी झोपेची वेळ झाल्यावर खोलीत इतर माणसे असतात, त्यांनी हा जोड घेण्याआधी विचार करावा, कारण आमच्या घरी पलीकडच्या खाटेवर झोपलेल्या आईला कोणता राग चालू आहे हे सांगता येते. ज्यांना एकांत आहे, शास्त्रीय संगीत आहे आणि हातात थोडी चिकाटी आहे, त्यांना मी हे हेडफोन मलमलीच्या एका थरासह निःशंकपणे सुचवीन. माझे सध्याचे पॅड पुन्हा दबत आले आहेत. डाव्या बाजूची मखमल चष्म्याच्या दांडीखाली चकाकू लागली आहे आणि परवापासून 'स' पुन्हा किंचित पुढे आला आहे. पॅडचा नवा जोड मागवला आहे, तो आला की मलमलही बदलणार आहे.