नवे टायर टाकले आणि एमएक्स-५ ओळखू येईना : काही महिन्यांच्या वापरानंतर चार स्पोर्ट्‌स कारबद्दल

माझदा एमएक्स-५ (एनडी म्हणजे चौथी पिढी, २.० लिटर, १८४ पीएस म्हणजे जवळपास तेवढ्याच हॉर्सपॉवरवाली) घेऊन बरेच महिने झाले. या काळात धाकट्या भावाची टोयोटा जीआर८६ मी जवळजवळ स्वतःच्या गाडीइतकीच चालवली. पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.० आणि अल्पिन ए११० या दोन्ही ओळखीतल्या लोकांकडून निवांत वापरायला मिळाल्या. चारींवर एकत्र लिहायचं कधीचं मनात होतं, पण लिहायला बसवलं ते एका टायरच्या दुकानाने. तिथे जे झालं त्यानंतर या गाड्यांबद्दलची माझी निम्मी मतं बदलली, म्हणून आधी तेच सांगतो.

माझे जुने टायर आतल्या कडेने झिजले होते. साइज २०५/४५ आर१७ (रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ४५ टक्के, चाक १७ इंची) हाच हवा, रुंदी वाढवायची नाही, असं बजावून चारही नवे टाकले आणि तिथेच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतलं. गाडी बाहेर काढली आणि पहिल्या दोन-तीन वळणांतच काहीतरी बिघडलंय हे कळलं. डावीकडे गाडी चटकन आत शिरायची, उजवीकडे तेवढंच स्टिअरिंग फिरवलं तरी रेंगाळायची. सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की हळूहळू डावीकडे सरकायची. बारीकसारीक खड्ड्यावर मागचा भाग उडायचा. परत गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, स्पोर्ट्‌स कार आहे, कडक लागणारच."

या वाक्याचा मला अजूनही राग येतो. एनडी कडक गाडी नाहीच मुळी. वळणात ती चांगली झुकते, इतकी की नवीन माणसाला वाटतं सस्पेन्शन मऊ सोडलंय. तिची गंमतच त्या झुकण्यात आहे : वजन बाहेरच्या चाकावर कधी आणि किती गेलं हे बुडाखाली कळतं, आणि ते ताशी चाळीसलाही कळतं. (२०२२ च्या मॉडेलपासून त्यांनी केपीसी नावाची युक्ती घातली आहे. जोरात वळताना आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला किंचित ब्रेक लावून गाडीचा मागचा भाग खाली ओढून धरला जातो. माझी त्याआधीची आहे, आणि मला त्याची उणीव भासलेली नाही.)

घरी येऊन आधी हवा तपासली. दाराजवळच्या स्टिकरवर थंड टायरला २९ पीएसआय लिहिलंय, आणि चारही टायरमध्ये ३६ भरले होते. जेमतेम अकराशे किलोची गाडी आहे ही. दीड टनाच्या गाडीला ठीक असलेली हवा हिच्यात भरली तर टायर फुगून कडक होतो आणि खड्डा शोषायचं त्याचं काम सगळं शॉक ॲब्सॉर्बरवर पडतं. हवा २९ वर आणली, उडी बंद झाली. डावी-उजवीतला फरक मात्र तसाच.

मग अलाइनमेंटचा कागद नीट वाचला. सगळे चौकोन हिरवे. पण पुढच्या डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचं आत-बाहेर झुकणं) जवळपास सरळ, उजव्याचा त्याहून पाऊण अंशाने आत झुकलेला. दोन्ही आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसतात, म्हणून मशीन दोन्ही हिरवे दाखवतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, ते आत झुकलेलं म्हणून पकड चांगली. उजवीकडे वळताना भार डाव्यावर, ते सरळ म्हणून गाडी रेंगाळते. दोन्ही बाजूंत किती फरक आहे हे त्या कागदावर कुणी बघतच नाही. दुकानाने फक्त टो (वरून बघताना चाकाचं तोंड किती आत-बाहेर आहे ते) जुळवला होता. या गाडीत पुढच्या खालच्या आर्मचे दोन कॅम बोल्ट फिरवून कॅम्बर आणि कास्टर (बाजूने बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) दोन्ही बदलतात, एक हलवला की दुसरं हलतं, म्हणून त्याला वेळ लागतो. हे मी दाखवलं तर पुन्हा तेच : "ग्रीनमध्ये आहे, आता काय करायचं?" अलाइनमेंटचे पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. न केलेल्या कामाचे पैसे घेतले, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये एका शांत माणसाने अर्धा दिवस घालून काम केलं. आधी मागची चाकं, कारण गाडीची सरळ दिशा मागचा ॲक्सल ठरवतो. मग स्टिअरिंग मधोमध लॉक करून पुढची. टाकी अर्धी, आणि मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून ठेवलं, कारण एवढ्या हलक्या गाडीत माणसाच्या वजनानेही एक बाजू दबते. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे झाल्यावरच त्याने पाना खाली ठेवला. गाडी घेऊन निघालो आणि पहिल्या चौकातच हसू आलं. विकत घेतली तेव्हा होती त्यापेक्षाही चांगली झाली होती. स्टिअरिंग मधल्या जागेवरून जेमतेम हललं की नाक हलतं, आणि सोडलं की आपणहून परत येतं. रोजच्या वापरातला आनंद यातच आहे. कारण रोज आपण टायर किंचाळेपर्यंत वळत नाही, स्टिअरिंग दोन-चार अंशच फिरवत असतो.

तेव्हापासून कुठल्याही गाडीत बसलो की मी ताकद विचारत नाही, साइडवॉल किती आहे ते आधी बघतो. घरचे वैतागले आहेत, पण हिशोब करून बघा. माझ्या टायरची साइडवॉल साधारण ९२ मिलिमीटर. १.५ लिटरच्या एमएक्स-५ ला १९५/५० आर१६ येतो, त्याची ९७. केमन जीटीएसला पुढे २३५/३५ आर२०, म्हणजे ८२. शिवाय वीस इंची चाक जड, टायर महाग, आणि एखादी तीक्ष्ण कड लागली तर रिमही जातं. दिसायला भारी दिसतं, हे मान्य. पण गाडी चालवताना मला माझी चाकं दिसत नाहीत.

केमनबद्दल आधी माझं मत सरळ होतं : परवडत असेल तर हीच घ्या. चार लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, ४०० पीएस. २०१६ मध्ये ७१८ आली ती चार सिलिंडर टर्बो घेऊन, आणि २०२० च्या जीटीएस ४.० ने तो सहा सिलिंडरचा आवाज परत आणला. इंजिन सीटच्या मागे असल्याने नाक हलकं, ब्रेक पेडल पहिल्या स्पर्शापासून खात्रीचं. सीटवर बसण्याची जागा चारींत सगळ्यात नेमकी. सामान पुढेही मावतं आणि मागेही, त्यामुळे सोय म्हणाल तर माझ्या गाडीच्या कितीतरी पुढे. पण जास्त दिवस वापरल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. गिअर फार लांब आहेत. दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ताशी १३० च्या पुढे जाते. म्हणजे ज्या इंजिनासाठी गाडी घ्यायची, ते ७,८०० आरपीएमपर्यंत नेणं रोजच्या रस्त्यावर कायद्यात बसतच नाही. दुसरा, तिसरा, आणि मग नुसती संयमाची परीक्षा. माझ्या गाडीचं इंजिन ७,५०० पर्यंत जातं (२०१८ च्या बदलात ६,८०० वरून वाढवलं, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके केले), आणि तिथपर्यंत मी रोज जातो.

अल्पिनच्या बाबतीत उलट झालं. मॅन्युअल गिअर नाही, सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिकच येतो, एवढ्यावरच मी ती यादीतून काढली होती. आता चारींत सस्पेन्शनसाठी कुणाला मानायचं असेल तर या गाडीला. साधी २५२ पीएसची ए११०, ए११०एस नव्हे. कारण समजून घेण्यासारखं आहे. चारही चाकांना डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आर्मनी धरणारी रचना) असल्याने गाडी झुकली तरी टायर रस्त्यावर सपाट राहतो, त्यामुळे झुकणं थोपवायला जाड अँटी-रोल बार लागत नाहीत आणि स्प्रिंगही मऊ ठेवता येतात. मऊ स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात तळाला आपटू नये म्हणून शॉकच्या शेवटच्या टप्प्यात हायड्रॉलिक स्टॉप आहे. रबरी स्टॉप धक्का परत फेकतो, हा तेलात जिरवतो. एकही बटण दाबायचं नाही, शॉक साधेच, आणि तरी गतिरोधकावरून ही गाडी ज्या सहजतेने उतरते ते बघून थक्क व्हायला होतं. ॲल्युमिनियमची बॉडी, वजन अकराशे किलोच्या आसपास. एवढं चांगलं जमवल्यावर एस मॉडेलमध्ये स्प्रिंग ५० टक्के कडक आणि अँटी-रोल बार दुप्पट कडक का केले, हे मला पटलेलं नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी घ्यावी. रोज चालवणाऱ्याने साधीच घ्यावी.

मॅन्युअलची उणीव मात्र जात नाही. स्टिअरिंगमागचे गिअरचे पॅडल कितीही चटकन चालले तरी एमएक्स-५ च्या दांड्यावर हात ठेवून तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना जो खट्‌ असा नेमका ठेका मिळतो, त्याची भूक राहतेच. आराम, आवाज, सामान यांत माझी गाडी चारींत शेवटची आहे. कापडी छत, त्यामुळे वेगात बोलायला आवाज चढवावा लागतो. डिकी १३० लिटर, ग्लोव्ह बॉक्स नाही, कागदपत्रं दोन सीटच्या मधल्या मागच्या कप्प्यात. लांबच्या प्रवासाला मी भावाची चावी मागतो.

तर जीआर८६. पहिली ८६ दोन लिटरची, २०० पीएस, २०५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), आणि मधल्या आरपीएमवर दम खायची. आताची २.४ लिटरची २५० न्यूटन मीटर देते, तेही ३,७०० वर, त्यामुळे गर्दीत सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. मागची सीट माणसांसाठी नाही, पण पाडली की चार चाकं टायरसकट आत जातात. वजन माझ्या गाडीपेक्षा दीडेकशे किलो जास्त, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या आर्मऐवजी शॉकच चाक धरतो अशी साधी रचना), आणि ती माझ्या गाडीइतकी झुकत नाही. सुरुवातीला मला ही जास्त 'पक्की' वाटली. आता वाटतं की तिचं मन वळवायला थोडा जास्त वेग लागतो.

पण तिचे १७ इंची टायर! मिशलिन प्रायमसी, २१५/४५. पहिल्या ८६ वर असाच अगदी साधा टायर दिला म्हणून लोकांनी नावं ठेवली होती. माझ्या मते कंपनीने घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय. पकड कमी, म्हणून गाडी कमी वेगात बोलायला लागते. ओल्या रस्त्यावर चौकात वळताना मागचा भाग किंचित सुटतो, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागचं एकच चाक फुकट फिरू न देणारी यंत्रणा) ते सरळ हातात आणून देतो, आणि हे सगळं सायकलवाल्याच्या वेगात. साइडवॉल ९७ मिलिमीटर. झिजतातही सावकाश.

भावाच्या टायरची आता बदलायची वेळ आली आहे. त्याला १८ इंची चाकं आणि पायलट स्पोर्ट ४ टायर हवेत, २१५/४० मध्ये. साइडवॉल ८६, पकड जास्त, आणि खर्च नुसता चार टायरचा नाही, चार चाकांचाही. तो म्हणतो दिसायला बरं दिसेल. मी त्याला सतराच्याच चाकांवर तेच प्रायमसी टाकायला सांगितलंय, आणि वाचलेल्या पैशांतून त्या शांत माणसाकडे अर्ध्या दिवसाचं अलाइनमेंट. हवा किती भरायची ते स्टिकरवर बघून मी स्वतः उभा राहून भरून घेणार आहे.