ग्रेनाडाचे जायफळ कोठे पाठवावे: युरोप, अमेरिका की शेजारची बेटे?

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या छोट्या देशाच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे. सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन चक्रीवादळाने बहुतांश झाडे आडवी केली. त्यापूर्वी जायफळाच्या जागतिक बाजारात इंडोनेशियाखालोखाल या देशाचा क्रमांक लागत असे. नवे झाड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात आणि भरात यायला त्याहून कितीतरी अधिक, त्यामुळे उत्पादन अजूनही पूर्वीच्या पातळीला पोहोचलेले नाही. हाती असलेला मर्यादित माल कोणत्या बाजारात पाठवावा, हा निर्णय येथील छोट्या निर्यातदाराने म्हणूनच विचारपूर्वक घ्यायला हवा. त्याच्यापुढे प्रामुख्याने तीन मार्ग आहेत: युरोपीय संघाशी झालेला आर्थिक भागीदारी करार, अमेरिकेची कॅरिबियन देशांसाठीची आयात शुल्कातील सवलत आणि कॅरिकॉम ही शेजारी देशांची सामाईक बाजारपेठ.

युरोपीय संघ आणि कॅरिबियन देश यांच्यातील करारावर ऑक्टोबर 2008 मध्ये बार्बाडोस येथे स्वाक्षऱ्या झाल्या. या करारानुसार ग्रेनाडाचा माल युरोपात शुल्काशिवाय आणि कोट्याच्या बंधनाशिवाय जातो. हे वाचून अनेकांना वाटते की आता जायफळाची पोती भरून पाठवली की फायदा पदरात पडला. येथेच हिशेब चुकतो. अखंड जायफळावर युरोपात कोणत्याच देशाला आयात शुल्क नाही. इंडोनेशियाचा व्यापारीही ते शून्य शुल्कानेच पाठवतो. जेथे इतरांनाही काही भरावे लागत नाही, तेथे करारातील सवलतीला किंमत उरत नाही. दळलेल्या जायफळाचे मात्र तसे नाही. त्यावर युरोपाचे सर्वसाधारण शुल्क 8 टक्के आहे आणि ग्रेनाडाला ते माफ आहे. फळाच्या मांसल सालीपासून बनवलेल्या जेलीची गोष्ट तर याहून लाभाची आहे, कारण भरपूर साखर असलेल्या जाम-जेलीवर सवलत नसलेल्या देशांना 20 टक्क्यांहून अधिक शुल्क पडते.

जेलीच्या बाबतीत एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. माल करारातील देशातच तयार झाला आहे, हे ठरवण्याच्या नियमांत बाहेरून आणलेल्या साखरेच्या वापरावर मर्यादा असते. ग्रेनाडात साखर मोठ्या प्रमाणावर आयात होते. ती गयाना किंवा बेलीझसारख्या करारात सहभागी असलेल्या देशातून घेतली, तर ती स्वतःच्याच देशातील असल्याप्रमाणे धरली जाते. दुसरीकडून स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर पूर्ण सवलत हातची जाऊ शकते. साखर खरेदीचा निर्णय अशा वेळी केवळ साखरेच्या भावावर घेणे महागात पडते. कागदपत्रांचे ओझे मात्र लहान खेपांना फार नाही: 6,000 युरोपर्यंतच्या खेपेसाठी निर्यातदाराने बिलावर केलेली घोषणा पुरते, त्यापुढे सीमाशुल्क खात्याने साक्षांकित केलेले प्रमाणपत्र लागते.

युरोपात खरी परीक्षा शुल्काची नसून बुरशीची आहे. बुरशीतून तयार होणाऱ्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. जायफळात त्याचा बी-1 हा प्रकार एका किलोमागे 5 मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिन 10 मायक्रोग्रॅम यापेक्षा जास्त आढळल्यास तो माल बाजारात उतरू शकत नाही. इंडोनेशियातून येणाऱ्या जायफळावर याच कारणासाठी युरोपने वाढीव तपासणी लागू केली आहे. ग्रेनाडातील प्रचलित पद्धत या बाबतीत उपयोगी ठरते. टरफलासकट जायफळ लाकडी ताटांवर सावलीत कित्येक आठवडे पसरून ठेवतात, अधूनमधून दाताळ्याने परततात, मग टरफल फोडून गर पाण्यात टाकतात. जो बुडतो तो भरीव आणि विक्रीयोग्य, जो तरंगतो तो तेल काढण्यासाठी बाजूला. पाण्यातून काढलेला गर मात्र ताबडतोब आणि पूर्ण सुकवायला हवा. येथे एका दिवसाची घाई केली, तर 8 टक्के शुल्क वाचवण्याच्या सगळ्या खटाटोपावर पाणी पडते.

अमेरिकेचा मार्ग वरवर सोपा दिसतो. तेथील सवलत 1984 पासून लागू आहे. मालाच्या मूल्यातील किमान 35 टक्के भाग लाभार्थी देशांत निर्माण झालेला असावा आणि माल थेट अमेरिकेत जावा, एवढ्या तिच्या मुख्य अटी आहेत. अफ्लाटॉक्सिनची मर्यादाही तुलनेने सैल, म्हणजे एकूण 20 मायक्रोग्रॅम आहे. शिवाय ग्रेनाडाचे चलन असलेला पूर्व कॅरिबियन डॉलर 1976 पासून अमेरिकी डॉलरशी 2.70 या दराने बांधलेला असल्याने चलनाच्या चढ-उताराची चिंता राहत नाही. युरोमध्ये विकणाऱ्याला ती राहतेच. मात्र ही सवलत दोन बाजूंनी मान्य केलेला करार नाही, तो अमेरिकेचा स्वतःचा कायदा आहे. एप्रिल 2025 मध्ये बहुतेक देशांच्या मालावर 10 टक्के अतिरिक्त शुल्क लागले तेव्हा ग्रेनाडाही त्यातून सुटला नाही, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये मसाल्यांसह अनेक शेतमालांना त्यातून वगळण्यात आले तो निर्णयही एकतर्फीच होता. सहा-सात वर्षांनी फळ देणाऱ्या झाडावर ज्याचा व्यवसाय उभा आहे, त्याने अशा सवलतीच्या भरवशावर कर्ज काढून यंत्रसामग्री उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील अन्न प्रशासनाकडे कारखान्याची नोंदणी आणि प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना ही कामे वेगळी करावी लागतात.

कॅरिकॉमची बाजारपेठ लहान आहे, पण नवशिक्या उत्पादकाला ती सर्वांत कमी जोखमीची. लेबल इंग्रजीतच चालते, अंतर थोडे असते आणि चारशे बाटल्यांची खेपही नाकारली जात नाही. नवी जेली किंवा सरबत येथे विकून पाहावे आणि चव, झाकण व टिकाऊपणा यांतील उणिवा दूर झाल्यावरच युरोपाकडे वळावे. ब्रिटनमध्ये ग्रेनाडाहून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने मागणी आहे. मात्र 2021 पासून तो देश युरोपीय करारात नाही, त्याचा स्वतंत्र करार आहे, म्हणून त्याची कागदपत्रेही स्वतंत्र करावी लागतात.

करार म्हणजे भावाची हमी, असा समज कोणी बाळगू नये. 1987 मध्ये ग्रेनाडा आणि इंडोनेशिया यांच्यात जायफळाचे भाव टिकवून धरण्याचा समझोता झाला होता. काही वर्षांतच तो मोडला आणि भाव कोसळले. आजचे करार दार उघडतात, भाव बांधून देत नाहीत.

माझा कौल असा आहे. सुकवणीवर पूर्ण नियंत्रण असेल आणि दळणे किंवा जेली बनवणे शक्य असेल, तर युरोपच निवडावा. केवळ अखंड जायफळ विकायचे असेल, तर कराराचा विचार बाजूला ठेवून जो ग्राहक प्रतवारीला चांगला भाव देतो आणि पैसे वेळेवर चुकते करतो त्याला माल द्यावा. मात्र तत्पूर्वी एक चौकशी अवश्य करावी: 1947 मध्ये स्थापन झालेल्या ग्रेनाडा सहकारी जायफळ संघाकडे या पिकाच्या निर्यातीचा हक्क दीर्घकाळ एकवटलेला राहिला आहे, म्हणून स्वतःच्या नावाने माल पाठवण्याची परवानगी कोणत्या स्वरूपात मिळते, हे ग्राहकाला शब्द देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.