सोनोडायनॅमिक थेरपीचा ऑनलाइन कन्सल्ट, आमचा अनुभव (५ पैकी २ स्टार)

दादाचा ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर) ऑपरेशन, रेडिएशन सगळं होऊन परत आला तेव्हा वहिनीने रात्र रात्र जागून हे परदेशातलं क्लिनिक शोधलं आणि आम्ही पैसे भरून व्हिडिओ कन्सल्ट घेतला. नाव लिहीत नाही पण जे विचारात असतील त्यांनी वाचा.

आधी एक सांगते, ही थेरपी थोतांड नाहीये. सेन्सिटायझर औषध द्यायचं, ते ट्यूमरच्या पेशींत साठतं, मग बाहेरून अल्ट्रासाऊंड सोडला की पेशीच्या आत घातक ऑक्सिजन तयार होऊन ती पेशी मरते. जपानमध्ये १९८९ लाच लॅबमध्ये कॅन्सर पेशींवर हे दाखवलंय. उजेडाने हेच करायचं तर तो काही मिलिमीटरच आत जातो, अल्ट्रासाऊंड खोलवर पोचतो, म्हणून तर मेंदूच्या ट्यूमरसाठी एवढी आशा. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या आयव्ही ब्रेन ट्यूमर सेंटरमध्ये २०२१ पासून माणसांवर ट्रायल चालू झाल्या, औषध ५-एएलए, तेच जे ऑपरेशनच्या आधी पाजतात म्हणजे निळ्या लाइटखाली ट्यूमर गुलाबी-लाल चमकतो.

आता क्लिनिकचं. कोऑर्डिनेटर बाई फार प्रेमाने बोलल्या, मेसेजला लगेच उत्तर, एक स्टार त्याचा. दुसरा कन्सल्ट वेळेवर झाला म्हणून. पण मी विचारलं की कवटीचं हाड लाटा अडवतं, वाकडं करतं, तिकडच्या ट्रायलमध्ये एमआरआयमध्ये झोपवून १०२४ ट्रान्सड्यूसरचं (अल्ट्रासाऊंड सोडणारे छोटे भाग) हेल्मेट वापरतात, तुमच्याकडे काय आहे? तर म्हणे आमची मशीन पूर्ण शरीराला चालते. कुठल्या ट्रायलमध्ये नोंद आहे का, तर त्याचं उत्तर नाहीच, उलट चार दिवसांत ॲडव्हान्स भरा म्हणाले. औषध घेतल्यावर उजेडापासून जपायला लागतं, ५-एएलएला तर ४८ तास, हा विषय मी काढेपर्यंत कोणी बोललंच नाही!! दादाचे ताजे एमआरआय पाठवले होते ते उघडून सुद्धा बघितले नव्हते, ट्यूमर कुठल्या बाजूला आहे हे मलाच विचारलं.

आमच्या ऑन्कोलॉजिस्टना दाखवलं, ते शांतपणे म्हणाले की ही अजून मान्यता मिळालेली ट्रीटमेंट नाही, घ्यायची तर ट्रायलमध्येच घ्यायची. आपल्याकडची ट्रायल असेल तर सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदणी) साइटवर नोंद असते, तिथे फुकट बघता येतं, पैसे भरायच्या आधी आम्ही तेच करायला हवं होतं. ॲडव्हान्स भरला नाही. दादाची केमो चालू आहे आणि डॉक्टर स्वतः एका ट्रायलला त्याचे रिपोर्ट पाठवतायत.