बेळगावच्या मेडिकलातली सर्दी-तापाची औषधं: आतड्याचा जुना आजार असणाऱ्यांनी काय घ्यावं, काय परत करावं

मारुती गल्ली असो, टिळकवाडी असो नाहीतर खानापूरचा स्टँड असो, मेडिकलात जाऊन "सर्दी-तापाला काहीतरी द्या" म्हटलं की बऱ्याचदा कागदी पुडी हातात पडते. पट्ट्यांमधून कात्रीने कापलेल्या तीन-चार रंगांच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या, दोन दिवसांच्या. ज्याचं पोट धड आहे त्याचं यात सहसा काही बिघडत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याला पुन्हापुन्हा सूज येण्याचा जुना आजार, असलेल्या माणसाचं बिघडू शकतं. सर्दी चार दिवसांत जाते आणि शांत असलेलं आतडं पुढे कित्येक आठवडे धुमसत राहतं. म्हणून या पुडीतल्या एकेका औषधाबद्दल, आणि तिच्याऐवजी काय मागून घ्यावं त्याबद्दल लिहितो आहोत. आमचं मत आधीच सांगून टाकतो: एका गोळीत एकच औषध असावं आणि त्याचं नाव आपल्याला वाचता यावं. बाकी सगळं यातूनच निघतं.

पुडीतली सर्वांत वाईट वस्तू म्हणजे अंगदुखीची गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, मेफेनामिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅस्पिरिन हे सगळे एकाच कुळातले. आतड्याच्या आतल्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होत असतात. ही औषधं दुखणं थांबवता थांबवता तीही कमी करतात. प्रत्येक रुग्णाचा आजार त्यामुळे उसळतोच असं नाही, पण कुणाचा उसळेल हे आधी कळत नाही. नुसत्या सर्दीसाठी ती जोखीम घेण्यात अर्थ नाही. अडचण अशी की ही नावं पट्टीवर समोर दिसत नाहीत. कॉम्बिफ्लाम बहुतेकांना तापाची गोळी म्हणून ठाऊक असते, तिच्यात 400 मि.ग्रॅ. आयब्युप्रोफेन आणि 325 मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असतं. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. पोटात मुरडा आला की हमखास दिली जाणारी मेफ्टाल-स्पास तर दुप्पट टाळण्यासारखी: तिच्यातलं मेफेनामिक अ‍ॅसिड अस्तराला त्रासदायक आणि डायसायक्लोमिन आतड्याची हालचाल मंदावणारं. सुजलेल्या मोठ्या आतड्याची हालचाल औषधाने थांबवली की ते फुगण्याचा धोका असतो. तीव्र कोलायटिसमध्ये जुलाब थांबवणारी लोपेरामाइडही म्हणूनच डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाहीत.

आता सर्दीची म्हणून मिळणारी एकत्र गोळी. ब्रँड कुठलाही असो, आतला ऐवज साधारण तोच: पॅरासिटामॉल, नाक मोकळं करायला फेनिलएफ्रिन आणि शिंका थांबवायला क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन, काहींत वर कॅफीन. यातलं फेनिलएफ्रिन पोटात घेतल्यावर चोंदलेल्या नाकावर काम करत नाही, असं मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर 2023 मध्ये एकमताने दिलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ते पोटात घ्यायच्या सर्दीच्या औषधांतून काढण्याचा प्रस्ताव त्या प्रशासनाने मांडला. क्लोरफेनिरामिनने झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि मलावरोध होतो. क्रोन्समुळे आतड्यात अरुंद जागा तयार झालेल्यांना तो मलावरोध महागात पडू शकतो. कॅफीन जुलाब वाढवतं. म्हणजे पैसे चार औषधांचे आणि उपयोग मुख्यतः पॅरासिटामॉलचा.

या गोळीचा आणखी एक छुपा धोका आहे, तो हिशेबाचा. ताप उतरत नाही म्हणून लोक सर्दीच्या गोळीसोबत वेगळी 650 ची गोळी घेतात. दोन्ही चार वेळा घेतल्या तर 500 चे चार आणि 650 चे चार मिळून 4600 मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल पोटात जातं. निरोगी प्रौढाची चोवीस तासांची कमाल मर्यादा 4000 आहे. आतड्याच्या आजारासाठी अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर यकृतावर त्यांचा भार आधीच असतो.

यापेक्षा साधी पॅरासिटामॉलची पट्टी घ्या. आमच्या मते या सगळ्या दुकानातली ही सर्वांत चांगली खरेदी. डोलो, कॅल्पॉल, क्रोसिन, जनऔषधी केंद्रातली बिननावाची, कुठलीही चालते. मात्र पट्टीवर फक्त पॅरासिटामॉल हे एकच नाव असलं पाहिजे. क्रोसिनच्या नावावर सर्दीची एकत्र गोळीही मिळते, तेव्हा नुसतं "क्रोसिन द्या" म्हणू नका. मात्रा 500 किंवा 650, दर सहा तासांनी, ताप असेल किंवा अंग ठणकत असेल तेव्हाच. दोन मात्रांत किमान चार तास. वजन 50 किलोच्या खाली असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल, तर दिवसाची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ती 2 ते 3 ग्रॅमच्या आतच येते. गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवा. पॅरासिटामॉल ताप झाकतं, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही झाकतं, आणि मग डॉक्टरांना सांगायला काही उरत नाही.

नाकासाठी गोळीपेक्षा थेंब उजवे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब नाकातच काम करतात, आतड्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. रात्री झोपताना दोन-तीन थेंब पुरतात. पाच दिवसांच्या पुढे वापरले तर थेंब सोडताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं आणि सवय लागते. रक्तदाब जास्त असेल तर डॉक्टरांना विचारूनच. दिवसा साधा सलाइनचा फवारा कितीही वेळा चालतो, स्वस्तही आहे. घरी नेती करायची तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं किंवा विहिरीचं थेट नको.

खोकल्याच्या औषधात बघायची गोष्ट तळाशी बारीक अक्षरांत असते. मधुमेहींसाठी म्हणून मिळणाऱ्या बिनसाखरेच्या सिरपमध्ये गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं, चघळायच्या बिनसाखरेच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल किंवा आयसोमॉल्ट. ते लहान आतड्यात नीट शोषलं जात नाही, पाणी ओढून घेतं आणि पातळ संडास होते. मग आजार उसळला की काय अशी धास्ती बसते. मधुमेह नसेल तर साधी साखरेची गोळी घ्या, नाहीतर कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. कोडीनचं सिरप आतड्याच्या सूजेत नकोच, कारण तेही आतडं मंदावतं. छातीला चोळायचं मलम चालतं, वाफ नुसत्या पाण्याची पुरते.

पुडीत लांबट कॅप्सूल किंवा मोठी गोळी असेल आणि ती ज्या पट्टीतून कापली तिच्यावर उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसलेलं औषध आहे, बहुधा अँटिबायोटिक. सर्दी आणि फ्लू विषाणूंनी होतात, त्यांना अँटिबायोटिक लागू पडत नाही. उलट आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचा नाश होतो आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जिवाणूला मोकळं रान मिळतं. कोलायटिसच्या रुग्णांना हा संसर्ग इतरांपेक्षा जास्त होतो, आणि त्याची लक्षणं आजार उसळल्यासारखीच असतात. अँटिबायोटिकनंतर जुलाब लागले, तर स्टिरॉइड वाढवण्याआधी शौचाची डिफिसिल टॉक्सिन तपासणी करायला सांगा. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी को-ट्रायमोक्साझोल कधीच परस्पर घेऊ नये. दोन्ही मिळून अस्थिमज्जा दबते आणि रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात.

न्यूमोनिया किंवा घशात पू अशा खऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, तर मात्र ते पूर्ण घ्यावं. आतड्याच्या भीतीने अर्धवट सोडू नये.

ओआरएस घेताना खोक्याच्या पुढचा भाग बघू नका, मागचा बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. फळांच्या चवीची, टेट्रापॅकमधली गोड पेयं वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाखाली खपली. त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी, म्हणजे जुलाबात उलट पाणी ओढणारं मिश्रण. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी घातली, तरी शेल्फवर शेजारी-शेजारी काय काय ठेवलेलं असतं ते स्वतः वाचलेलं बरं. मोठं पाकीट एक लिटरचं असतं. ते पेल्यात थोडंथोडं अंदाजाने टाकायचं नाही, सगळं एकदम एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं आणि चोवीस तासांत संपवायचं. दर पातळ शौचामागे एक पेला, घोट-घोट. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

जोडीला खायला आपल्या भागातली पेज उत्तम. अर्धी वाटी तांदूळ, चार-पाच वाट्या पाणी, शितं विरघळेपर्यंत शिजवून मीठ घालायचं. नाचणीची आंबील एरवी चांगली, पण आजार उसळलेला असताना कोंड्यासह नको, पीठ गाळून घ्यावं. सर्दीवर झणझणीत मटणाचा रस्सा हा आपल्याकडचा लाडका उपाय, त्याने नाक वाहतं आणि आतडंही. त्याऐवजी हळद-मीठ घातलेलं कोंबडीचं अळणी पाणी, वरचा तवंग काढून.

इकडे किराणा दुकानांत मिळणारी कषायाची पूडही सर्दीला सर्रास घेतली जाते. धने-जिऱ्याचा भाग मोठा असेल तर अर्धा चमचा पेलाभर पाण्यात उकळून प्यायला हरकत नाही. मिरी-सुंठ जास्त असेल तर आजार उसळलेला असताना टाळा. पाकिटावर ज्येष्ठमध लिहिलेलं असेल आणि तुमचं स्टिरॉइड चालू असेल, तर नको: दोन्ही पोटॅशियम उतरवतात आणि रक्तदाब चढवतात. गुळवेलीचा काढा किंवा गोळ्या आम्ही स्पष्टपणे नाकारतो. तुमची औषधं प्रतिकारशक्ती आवरायला दिलेली असताना ती चेतवणारी वनस्पती घेण्यात विसंगती आहे, शिवाय गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं भारतातल्याच डॉक्टरांनी नोंदवली आहेत. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या मात्रेनेही जुलाब होतात.

नेहमीच्या औषधांचं काय करायचं, हा प्रश्न मेडिकलातल्या माणसाला विचारू नका. मेसालामाइन किंवा सल्फासालाझिन सर्दीत चालू ठेवायचं असतं. स्टिरॉइड एकदम बंद करणं सर्वांत धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. उलट्यांमुळे प्रेडनिसोलोन पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावं लागतं. अ‍ॅझाथायोप्रिन, टोफासिटिनिब, इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅबवर असाल आणि ताप 101 फॅरनहाइटच्या वर गेला, तर पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना फोन. अ‍ॅझाथायोप्रिनवाल्यांनी त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. फ्लू असल्याची शंका असेल तर ऑसेल्टामिविर (75 मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा, पाच दिवस) पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर त्याचा जास्त उपयोग होतो. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी "बघू दोन दिवस" म्हणत थांबू नये.

फ्लूमध्येही एक-दोन दिवस पातळ होऊ शकतं, तेवढ्याने आजार उसळला असं नाही. रक्त, आव, रात्री झोपेतून उठवणारी घाई, आणि ताप गेल्यावरही न थांबणारे जुलाब या खुणा वेगळ्या. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच, आणि जोडीला 100 फॅरनहाइटवर ताप किंवा मिनिटाला नव्वदच्या वर नाडी, हे तीव्र कोलायटिसचं लक्षण मानतात. फ्लूमध्ये ताप आणि नाडी तशीही चढलेली असते, म्हणून रक्त किती वेळा पडलं ते मोजणं महत्त्वाचं. असं झालं किंवा पोट फुगून दुखायला लागलं, तर तालुक्याच्या गावात सलाइन लावून वेळ न घालवता जिल्हा रुग्णालय किंवा केएलईसारखं मोठं रुग्णालय गाठावं. दम लागणं आणि ऑक्सिजन 94 च्या खाली येणं यालाही हेच लागू. जाताना औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. कोल्हापूर, मिरज किंवा गोव्यात उपचार चालू असतील, तर शेवटच्या चिठ्ठीचा आणि कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टचा फोटो फोनमध्ये असू द्या.

पट्टी कापून घ्यायची वेळ आलीच, तर नाव आणि मुदत छापलेला तुकडा मागा आणि बिल घ्या. अक्षरं वाचवत नसतील तर फोनने फोटो काढून मोठा करून बघा. हे दुकानदाराला आवडो न आवडो, हक्काचं आहे.

फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घ्यावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी दंडात टोचायची निष्क्रिय लसच घ्यावी, नाकात फवारायची जिवंत लस नाही. 20 मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांहून अधिक चालू असलेलेही यातच येतात. घरातल्या बाकीच्यांनीही टोचून घेतली तर उत्तम. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते आणि गोठली तर वाया जाते. उन्हाळ्यात दुकानातून दवाखान्यापर्यंत नेताना जेल-पॅकच्या पिशवीत न्या, बर्फाला थेट चिकटवू नका. शक्यतो डॉक्टरांच्याच फ्रिजमधली घ्या आणि बॅच नंबर, तारीख फाइलवर लिहून घ्या.