मल्लांची चरबी: घरचा काटा की कॅलिपरचा चिमटा?
गंगावेश तालमीतल्या एखाद्या मल्लाने लाल मातीत घाम गाळून लगेच घरच्या चरबीमापक काट्यावर पाय ठेवला, तर आकडा बहुधा फसवा येतो. कारण हा काटा चरबी थेट मोजत नाही, तर तळपायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून शरीराचा विरोध मोजतो आणि पाणी घटले की विरोध वाढून चरबी जास्त दिसते. शिवाय प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरत असल्याने मल्लाचे खांदे आणि छाती हिशेबात फारशी येत नाहीत. कॅलिपरचा चिमटा छाती, पोट व मांडीवरील त्वचेची घडी मिलिमीटरमध्ये मोजतो. टक्केवारी तिथेही सूत्रातूनच निघते आणि मोजणारा हात सरावलेला लागतो, तरीही मला तोच अधिक भरवशाचा वाटतो. काटा वापरायचाच असेल, तर तो सकाळी उपाशीपोटी वापरावा. थंडाईनंतर तर नकोच.