सबस्टिट्यूशनमध्ये लिमिट बदलायच्या की शेवटी परत एक्स आणायचा?

डेफिनिट इंटिग्रलमध्ये, म्हणजे खालची-वरची लिमिट दिलेल्या इंटिग्रलमध्ये, सबस्टिट्यूशन करताना एक्सच्या एखाद्या राशीच्या जागी यू घेतला की पुढे दोन रस्ते असतात. समजा एक्स गुणिले (एक्स वर्ग अधिक १) चा घन, लिमिट ० ते २. यू म्हणजे एक्स वर्ग अधिक १ धरला की डीयू होतो २ एक्स डीएक्स, आणि लिमिट होतात १ ते ५. मग यू चा चौथा घात भागिले ८, त्यात ५ आणि १ टाकून वजाबाकी, म्हणजे ६२४ भागिले ८, उत्तर ७८, एक्सकडे परत बघायचंच नाही.

दुसऱ्या रस्त्याने शेवटी यू च्या जागी परत एक्स वर्ग अधिक १ लिहायचं आणि ० ते २ टाकायचं, उत्तर तेच. घोळ होतो तो अर्धवट केलं की, यू तसाच ठेवून जुन्या लिमिट टाकल्या की उत्तर येतं २, आणि पोरं तासभर चूक शोधत बसतात!

मला स्वतःला लिमिट बदलणंच आवडतं, खासकरून (१ वजा एक्स वर्ग) चं वर्गमूळ, लिमिट ० ते १ अशा गणितात, कारण एक्स म्हणजे साइन थीटा घेतला की लिमिट ० ते पाय भागिले २ होतात आणि पाय भागिले ४ पटकन मिळतं, नाहीतर थीटाचा परत एक्स करायला त्रिकोण काढत बसा.

पण एक्स वर्ग, वजा १ ते १ याला यू बरोबर एक्स वर्ग लावू नका हां, दोन्ही लिमिट १ होऊन उत्तर शून्य दिसतं, खरं आहे २ भागिले ३. तिथे ० वर तुकडे पाडावे लागतात.

इनडेफिनिट, म्हणजे लिमिट नसलेलं इंटिग्रल असेल तर प्रश्नच नाही, एक्स परत आणावाच लागतो.